मुक्कामाचा हिशेब

मॉरिशस या चिमुकल्या द्वीपराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १२.५ लाख, २०१८ साली तेथे जवळजवळ १४ लाख परदेशी प्रवासी आले. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज त्या देशात नांदत असल्याने आपल्याला त्याचे अप्रूप वाटते. परंतु शिकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. तेथे उतरलेला पाहुणा सरासरी १० रात्री राहतो. साहजिकच त्याच्या पैशाचा काही वाटा कोळ्याच्या आणि भाजीवाल्याच्या घरापर्यंत पोहोचतो.

धाराशिव जिल्ह्याला पाहुण्यांची वाण नाही. नवरात्रात तुळजापूरला लाखो भाविक लोटतात; पण बहुतेक जण देवीची ओटी भरून आल्या पावली परततात. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला आदिलशाही पाणीमहाल, धाराशिवची लेणी, रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर म्हणजेच गोरोबाकाकांचे तेर, ही सारी स्थळे याच जिल्ह्यात आहेत. ती जोडणारी एसटीची वेळेवर फेरी, जाणता वाटाड्या आणि स्वच्छ निवास एवढे लाभले, तरी एका दिवसाचे दोन दिवस होतील.

मात्र एक सावधगिरी हवी. २०२० च्या महामारीत मॉरिशसच्या सीमा मिटल्या, इकडे देवळांची दारे मिटली. केवळ येणाऱ्यांवर विसंबलेले संसार दोन्हीकडे उघडे पडले. पर्यटन हा शेतीचा जोडधंदा असावा, पर्याय नव्हे. जिल्ह्याच्या नियोजनकर्त्यांनी किती आले हे जरूर मोजावे. पण किती राहिले, हेही विचारावे.