आधी पडायला शिका!



परवा मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याची मान बगलेत आवळून धरली. तो बिचारा रडकुंडीला आला, तरी हा सोडेना! मी धावत गेलो, तर म्हणतो कसा, "सर, आम्ही ज्युदो खेळायलोत!"

पण ज्युदोत असं चालतच नाही, बरं का!

जपानमधले शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला. ज्युदो म्हणजे ‘मृदू मार्ग’. समोरचा जोरात ढकलतोय ना? मग आपण उलट ढकलायचं नाही. त्याचाच जोर वापरून त्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाडायचं. लाथाबुक्क्यांना इथे बंदी! आणि पहिला धडा कोणता, ठाऊक आहे? पाडण्याचा नव्हे, पडण्याचा! हनुवटी छातीला लावायची आणि पडता पडता हाताने गादीवर सपाट थाप मारायची. म्हणजे डोकं आपटत नाही.

आता सामन्याचे नियम पाहू. एकाचा पोशाख पांढरा, दुसऱ्याचा निळा. आधी एकमेकांना वाकून नमस्कार. मोठ्यांचा सामना ४ मिनिटांचा. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या जत्रांत कुस्तीचा फड रंगतो. तिथे पाठ टेकली की पैलवान चीत! ज्युदोतही जोरात, वेगाने आणि नीट ताबा ठेवून पाठीवर पाडलं, की ‘इप्पोन’. सामना तिथेच संपला! खाली २० सेकंद दाबून धरलं तरी इप्पोन. त्याहून थोडं कमी पडलं तर ‘वाझाआरी’. दोन वाझाआरी मिळाले की झाला इप्पोन. नियम मोडला तर ‘शिदो’ म्हणजे ताकीद. तिसऱ्या शिदोला खेळाडू बाद!

सगळ्यांत महत्त्वाचा नियम शेवटी सांगतो. पकड सहन होईना, तर हाताने दोनदा थाप मारायची. म्हणजे ‘मी हरलो’. त्यात लाज कसली? थाप पडली, की पकड सुटलीच पाहिजे. मान आवळण्याचे नि कोपर अडकवण्याचे डाव तर लहान मुलांच्या गटात चालतच नाहीत.

हे सारं मी त्या दोघांना सांगितलं. मान धरणारा जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, त्यानं माझ्या पाठीवर थापटलं होतं. मला वाटलं, मारायलाय."

म्हणून मित्रांनो, समोरच्याची थाप ओळखायला शिका. ज्युदो जरूर शिका, पण गादीवर आणि प्रशिक्षकांसमोरच. अंगणात, फरशीवर मुळीच नको! आईबाबांनो, एवढं लक्ष तुम्हीही ठेवाल ना?

तुमचे,
सर