क्लच प्लेट बदलण्याआधी करंगळी लावून पाहा

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती घरोघरी पार्सल पोहोचविण्याचे काम करतात. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली स्प्लेंडर. ताई लिहितात, 'गाडी चढावर ओढत नाही. रेस दिली की नुसता आवाज वाढतो. गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट गेली, गाडी दोन दिवस ठेवा. दोन दिवस गाडी बंद म्हणजे दोन दिवसांची कमाई बंद. घरी काही करता येईल का?'

ताई, प्लेट खरोखरच जळली असेल तर ती बदलावी लागेल, तेथे इलाज नाही. पण इंजिन उघडण्याआधी घरच्या घरी दहा मिनिटांत करण्यासारखी एक तपासणी आहे. ती न करता प्लेट बदलली आणि दोष दुसरीकडेच असला, तर नवी प्लेटही जळणार.

क्लचचे काम असे चालते. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत नेण्यासाठी मध्ये गोल चकत्या असतात, एक खरखरीत अस्तराची, एक पोलादी, अशा आळीपाळीने लावलेल्या. स्प्रिंगा त्यांना सदैव एकमेकींवर दाबून ठेवतात. म्हणजे आपण लिव्हरला हात लावलेला नसतो तेव्हा क्लच पूर्ण पकडीत असतो. लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब हटतो आणि चकत्या सुट्या होतात. एवढे ध्यानात आले की बाकीचे आपोआप कळते. वायर फार ताठ असेल तर लिव्हर सोडल्यावरही दाब पुरता बसत नाही. चकत्या घसरतात, तापतात, जळतात. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, पेट्रोल जास्त लागते. वायर फार ढिली असेल तर उलटे होते. चकत्या पुरत्या सुट्या होत नाहीत, गिअर टाकताना खट्कन आवाज येतो, गाडी धक्का मारते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही.

तुमच्या पतींची तक्रार पहिल्या प्रकारची दिसते.

आता तपासणी. गाडी बंद, इंजिन थंड. डाव्या हाताचा लिव्हर एका बोटाने हलकेच आत ओढा. सुरुवातीला तो अगदी सैल येतो, मग एकाएकी जड लागतो. त्या सैल अंतराला मेकॅनिक लोक 'प्ले' म्हणतात. लिव्हरच्या टोकाशी तो १० ते २० मिलिमीटर हवा. पट्टी नसेल तर मोठ्या माणसाची करंगळी लावा. करंगळीच्या जाडीपेक्षा कमी असेल तर वायर ताठ आहे, अंगठ्याच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर ढिली आहे. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा पाहा. हँडल वळविल्यावर प्ले नाहीसा होत असेल तर वायर कोठेतरी चुकीच्या वाटेने गेली आहे किंवा अडकते आहे.

पुष्कळांना वाटते की वायर कालांतराने ताणून ढिलीच होणार. वायरीचे ते खरे आहे. पण चकत्या झिजल्या की प्ले वाढत नाही, उलट कमी होत जातो. म्हणून सहा महिन्यांपूर्वी बरोबर लावलेली वायर, कोणी हात न लावताही, आज ताठ झालेली असू शकते.

वायर जुळविण्यासाठी लिव्हरपासून तिचा माग काढत खाली इंजिनापर्यंत जा. तेथे दोन नट दिसतील. एक जुळवायचा, दुसरा त्याला जखडून ठेवणारा. जखडणारा नट सैल करा, दुसरा अर्धी फेरी फिरवा, लिव्हर दाबून पाहा. कोणत्या बाजूने ढिली होते ते हातालाच कळते. घाई करू नका, अर्ध्या-अर्ध्या फेरीनेच जा. प्ले जमला की जखडणारा नट आवळा आणि पुन्हा एकदा करंगळी लावा, कारण आवळताना तो थोडा सरकतो. काही गाड्यांना वर लिव्हरपाशीही हाताने फिरवायचा छोटा नट असतो. किरकोळ फरक तेथे काढता येतो.

मग गाडी बंद ठेवूनच पहिला गिअर टाका. लिव्हर दाबून ढकला, गाडी सरकली पाहिजे. थंड तेलामुळे जरा जड जाईल, ते चालेल. लिव्हर सोडून ढकला, ती अडली पाहिजे. नंतर रस्त्यावर एक चक्कर मारून चढावर रेस देऊन पाहावे.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण माझीच एक चूक आहे. गॅरेजमध्ये शिकाऊ असताना एका दूधवाल्याच्या गाडीला मी नव्या प्लेटा बसविल्या. लिव्हर जरा ओढला की काम झाले पाहिजे, असे त्याला हवे होते. मी वायर तारेसारखी ताठ केली. प्ले ठेवलाच नाही. फार दिवस गेले नाहीत, तो गाडी ढकलत दारात उभा. कॅन भरलेले, दूध नासण्याची वेळ. प्लेटा काळ्या पडल्या होत्या. पैसे माझ्या पगारातून कापले, ते रास्तच होते.

तेलाकडेही पाहा. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीचे तेल घरात उरले म्हणून ते ओतले तर क्लच घसरू शकतो, कारण त्यांपैकी पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' अशी इंग्रजी अक्षरे पाहूनच घ्यावे. 'एमबी' हे गिअर नसलेल्या स्कूटरचे तेल, ते येथे नको. चारचाकीची गोष्ट निराळी. तिची प्लेट कोरडी असते आणि तेथे तेल गेले तर तोच बिघाड. भारी स्पोर्ट्स कारमध्ये तर बहुधा वायरच नसते, ब्रेक ऑइलच्या दाबाने क्लच चालतो. पेडल पोकळ लागले तर तेथे आधी गळती शोधतात.

वायरीचे लिव्हरकडचे टोक बोटांनी चाचपा. एक जरी तार तुटून वर आली असेल तरी वायर बदला. प्लेटांच्या संचापुढे तिची किंमत काहीच नाही आणि ती तुटते ती नेमकी भर रहदारीत.

आणि पतींना विचारा, चालविताना दोन बोटे सतत लिव्हरवर असतात का? दिवसभर थांबत-निघत जाणाऱ्यांना ही खोड लागतेच. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणे ही दुसरी.

एवढे करूनही गाडी घसरत असेल तर गॅरेजला द्या. तेव्हा जुन्या प्लेटा परत मागून घ्या. पोलादी चकती निळसर झाली असेल, अस्तराला जळका वास येत असेल तर कारागिराचे म्हणणे खरे होते. स्प्रिंगांची लांबीही मोजायला सांगा, मऊ पडलेल्या स्प्रिंगांवर नवी प्लेट टिकत नाही.

रिक्षाच्या डाव्या मुठीतल्या क्लचचेही तत्त्व हेच आहे, पण प्लेचे माप तिच्या पुस्तिकेत पाहावे. पत्र पाठविणाऱ्यांनी गाडीचे मॉडेल आणि साल अवश्य लिहावे.