आधी ‘निर्मळ’ लिहून बघा

ग्राफिक्सची लायब्ररी निवडताना मुलं काय बघतात? गिटहबवर तिला तारे किती, यूट्यूबवर ट्युटोरियल आहे का, थ्रीडी जमतं का, आपल्या जुन्या लॅपटॉपवर ती चालेल का. हे सगळं बघावंच. पण वसई-विरारमध्ये शिकणाऱ्या मुलांनी त्याआधी एक गोष्ट तपासावी, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. तिला मराठी नीट लिहिता येतं का?

गास आणि निर्मळ ही नालासोपाऱ्याच्या पश्चिमेची गावं. पडद्यावर ‘गास’ लिहायला कुठल्याही लायब्ररीला अडचण येत नाही. ग, त्याला काना, मग स. साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम एकच. गासचा मुलगा आपल्या गावाचं नाव लिहून बघतो, ते बरोबर उमटतं आणि तो निर्धास्त होतो. मग त्याच नकाशावर ‘निर्मळ’ येतं आणि सगळं फिसकटतं. वेलांटी न च्या आधी दिसायला हवी, ती न आणि र यांच्या मध्ये जाऊन पडते. रफार म च्या डोक्यावर चढायला हवा, तो चढतच नाही. पाय मोडलेला र सुटा उभा राहतो. वेलांटी आणि रफार, दोन्हींची परीक्षा या एका शब्दात होते.

असं होतं, कारण युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात: आधी न, मग वेलांटी, मग र, हलन्त, म. त्यातून दिसणारं रूप कसं घडवायचं याचे नियम फॉन्टच्या फाइलमध्ये असतात, पण ते कुणीतरी लागू करावे लागतात. हे काम करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी मोफत आणि मुक्तस्रोत आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस हे सगळे तिच्याच जिवावर मराठी दाखवतात. फोनवर मराठी इतकं सुरेख दिसतं, की संगणकाला ते येतंच असं मुलं धरून चालतात. ग्राफिक्सच्या लायब्रऱ्यांना ते येतंच असं नाही.

ओपनसीव्ही घ्या. इंटेलमध्ये १९९९ साली सुरू झालेली, कॅमेऱ्याच्या चित्रांवर काम करणारी ही अत्यंत ताकदीची लायब्ररी. तिची चित्रावर मजकूर लिहिण्याची जुनी, सगळ्या पाठांत शिकवली जाणारी सोय मात्र हर्शी फॉन्टवर चालते आणि इंग्रजीपुरती आहे. ‘निर्मळ’ लिहा, प्रश्नचिन्हांची रांग मिळते. ही चूक निदान लगेच दिसते. पायथनच्या पिलोचं दुखणं जास्त फसवं आहे. तिच्यात मांडणीच्या दोन तऱ्हा आहेत. एक साधी, दुसरी रॅकम नावाची, जी आतून हार्फबझ वापरते. रॅकमला फ्रीबिडी नावाची आणखी एक फाइल लागते. विंडोजवर ती सापडली नाही तर पिलो कसलीही तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरते. कोड चालतो, लाल अक्षरात एरर येत नाही, चित्र तयार होतं आणि त्यात मराठी मोडलेलं असतं. फीचर्स मॉड्यूलला रॅकम आहे का, असं एका ओळीत विचारता येतं. ही ओळ मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच लिहावी.

नकाशांचंही तसंच. पावसाळ्यात वसईच्या कुठल्या भागात पाणी साचतं याचा नकाशा हा इथल्या विद्यार्थ्यांसाठी फार मोलाचा प्रकल्प आहे. लीफलेटमध्ये तुम्ही टाकलेली नावं ब्राउझर स्वतः लिहितो, म्हणून ती बरोबर येतात. मॅपबॉक्स जीएलच्या घराण्यातल्या लायब्रऱ्या वेगवान आहेत, पण त्या बराच काळ एकेक चिन्ह सुटं काढून शेजारी ठेवत आल्या, आणि देवनागरीला ते चालत नाही. ब्लेंडरमध्ये थेट टाइप केलेलं मराठीही तुटतं. तिथे सोपी वाट अशी: इंकस्केपमध्ये मजकूर लिहायचा, त्याचं पाथमध्ये रूपांतर करायचं आणि ती एसव्हीजी ब्लेंडरमध्ये घ्यायची. खेळ बनवणाऱ्यांसाठी गोडो हे इंजिन मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हार्फबझ वापरतं. तिसरी आवृत्ती शिकवणारे जुने व्हिडिओ बघून मराठी खेळ करायला बसू नये.

इतकं जमलं म्हणजे मराठी आलं, असंही नाही. दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द बघा. पहिला समुद्र, दुसरा डोंगरातल्या खोल जागा. फरक आहे तो फक्त र च्या रूपाचा. हिंदीपुरती तपासणी करून ‘देवनागरी चालते’ असं सांगणाऱ्या साधनाला हा दुसरा र येईलच याची खात्री नाही, कारण हिंदीला तो लागत नाही. मराठी ल आणि श यांची वळणंही हिंदीहून वेगळी आहेत. काही फॉन्टमध्ये ती दोन्ही असतात, पण भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी वळण मिळत नाही. ज्या किनाऱ्यावर आपण राहतो तो ‘किनाऱ्यावर’ हा शब्दच तपासणीला ठेवावा. त्यात हा र आहे.

अक्षरांच्या बाबतीत आपण दरिद्री नाही, हे मुलांना सांगायला हवं. र. कृ. जोशी या मराठी कवीने आणि अक्षरकाराने मुंबईत एनसीएसटीमधल्या संगणकतज्ज्ञांच्या बरोबरीने भारतीय लिप्यांवर काम केलं. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याने सगळ्यांना दिले. सुंदर अक्षर आहे, ते जुळवणारं यंत्र आहे, दोन्ही फुकट आहेत. मधला दुवा तेवढा निसटतो, आणि तो निसटतो निवडीच्या वेळी.

वसईत हा प्रश्न हौसेचा नाही. इथला ख्रिस्ती समाज प्रार्थना मराठीत करतो, ‘सुवार्ता’सारखं मासिक मराठीत चालवतो. त्या मासिकाचं संपादन वर्षानुवर्षं केलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी इतक्या जिव्हाळ्याने जपणाऱ्या गावांतली मुलं आपल्या प्रकल्पाची शीर्षकं इंग्रजीत टाकून मोकळी होतात, कारण ‘मराठी तुटतं’. त्यात मुलांचा दोष नाही. अनेक ठिकाणी ग्राफिक्सचा अभ्यास अजून टर्बो सीच्या ग्राफिक्स डॉट एचवर होतो. रेघ कशी काढायची, वर्तुळ कसं काढायचं हे शिकवतात, मजकूर कसा काढायचा हे शिकवतच नाहीत. रेघेचं गणित शिकलंच पाहिजे, पण आपली लिपी पडद्यावर कशी उमटते हेही ग्राफिक्सच आहे, आणि रेघेहून कितीतरी अवघड आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती: जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल याचं ठेवा. निर्मळ, दऱ्या, किनाऱ्यावर, ख्रिस्त हे चार शब्द तीन लायब्रऱ्यांत लिहून घ्या, स्क्रीनशॉट चिकटवून घ्या आणि जिथे तुटलं तिथे का तुटलं ते मुलांकडून लिहून घ्या. आणि मुलांनो, तुटलेलं दिसलं तर इंग्रजीकडे वळू नका. लायब्ररीच्या आवृत्तीचा क्रमांक, फॉन्टचं नाव, तुटलेलं चित्र आणि बरोबर चित्र असं सगळं जोडून ती लिहिणाऱ्यांना कळवा. रफार कुठे चढायला हवा हे त्यांच्यातल्या अनेकांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं. ते तुम्ही सांगा.