छपराला अनुदान, पाण्याला वाली नाही
शेतशिवार : साप्ताहिक स्तंभ

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. चार हजार चौरस मीटरच्या पॉलीहाऊसवर तो पडला, तर एका पावसाळ्यात छपरावरून 1 कोटी 20 लाख लिटर पाणी उतरते. पूर्वी यातले बरेचसे पाणी त्याच जमिनीत मुरत होते. आता ते प्लास्टिकवरून घरंगळत पन्हळीत येते आणि एका कोपऱ्यात बदाबदा ओतते. जुलैत तासाला 50 मिलिमीटरची सर आली, तर त्या एका तासात दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. पेडणे तालुक्यात जमिनीची उतरण ठरलेली आहे. वर सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, त्याखाली काजूची भरड, मग कुळागर किंवा भाताचा मळा आणि शेवटी व्हाळ, म्हणजे ओढा. सड्यावरच्या छपराचे पाणी कोणाच्या बांधावर जाऊन आदळणार, हे पहिला खांब रोवण्याआधी गावातला कोणताही शेतकरी बोट दाखवून सांगेल. अनुदानाचा हिशेब मात्र छपराच्या चौरस मीटरवर होतो.

चार हजारांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी एका लाभार्थ्याला इतक्याच क्षेत्राच्या हरितगृहासाठी खर्चाच्या निम्मे अनुदान देऊ केले होते. शेततळ्याला त्याच अभियानात वेगळे अनुदान आहे. पण पॉलीहाऊस घ्यायचे तर तळे खोदलेच पाहिजे, अशी सांगड नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही सांगड घाला. छपरावरचे पाणी, मुळांखालून निघणारे पाणी आणि फाटलेले प्लास्टिक या तिन्हींची सोय दाखवल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नका.

मी पॉलीहाऊसच्या विरोधात नाही, उलट ती वाढावीत असे मला मनापासून वाटते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि बेळगावहून येणारी भाजी सीमेवर अडकली. तेव्हा गोव्याच्या घराघरांत काय हाल झाले ते आपण पाहिले आहे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्तात मिळणारी भाजीसुद्धा मुख्यतः घाटापलीकडून येते. दुसरीकडे मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमलच्या हॉटेलांना रंगीत ढोबळी, काकडी, लेट्यूस बारा महिने लागते, आणि मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून ही मागणी पेडण्याच्या अगदी दारात आली आहे. गावातल्या तरुणाने दोन पैसे मिळवून जमीन कसत ठेवली, तर ती विकण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. नगरनियोजन कायद्याच्या 17(2) आणि 39(अ) कलमांखाली झालेल्या भूरूपांतरांवरून गावोगाव संताप आहे. धारगळला तिळारीच्या लाभक्षेत्रातली जमीन कॅसिनो-रिसॉर्टसाठी वगळण्यावरून झालेला वादही ताजा आहे. अशा वेळी पिकाखाली राहिलेला प्रत्येक तुकडा मोलाचा आहे.

मग अटी कशाला, असे कोणी विचारील. कारण कायद्याच्या नजरेत पॉलीहाऊस ही शेती असली, तरी त्याचे चालणे बरेचसे कारखान्यासारखे आहे. त्याला वीज लागते, मोजून दिलेले खत लागते, रोजंदारीवर माणसे लागतात, आणि त्यातून सांडपाणी व कचरा निघतो. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत खाण, विमानतळ, मोठी बांधकामे आहेत. हरितगृह शेती त्या यादीत नाही, आणि लहान शेतकऱ्याला तिथे ओढूही नये. पण मोठी यादी लागू नाही म्हणून साधे चार प्रश्नही विचारायचे नाहीत, हे पटत नाही.

सर्वांत सोपा प्रश्न पाण्याच्या गरजेचा. ढोबळी मिरचीसारख्या पिकाला दर चौरस मीटरला दिवसाला तीन लिटर धरले, तर चार हजार चौरस मीटरना रोज बारा हजार लिटर लागतात. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचा हिशेब सुमारे 29 लाख लिटरचा होतो. म्हणजे छपरावरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्सा साठवला, तरी उन्हाळा निघतो. बाष्पीभवनासाठी थोडे जास्त धरा. तीन मीटर खोल आणि पॉलीहाऊसच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, आत अस्तर घातलेले तळे पुरते. जांभ्या दगडात ते खणणे महाग पडते, हे खरे. पण पेडणे आणि डिचोलीत बंद पडलेल्या चिरेखाणी कमी नाहीत. त्यांना अस्तर आणि भक्कम कुंपण घातले, तर निम्मे खोदकाम आधीच झालेले असते. कुंपण म्हणतो ते जिवाच्या काळजीने म्हणतो, उघड्या खाणीत बुडून गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या. ज्याच्याकडे असे तळे आहे, त्याला मार्च-एप्रिलमध्ये बोअरवेल उपसावी लागत नाही. गोव्यात 2002 पासून भूजल नियमन कायदा आहे आणि नवी विहीर किंवा बोअर मारायला परवानगी लागते. ती देताना जलस्रोत खात्याने आधी तळे कुठे आहे ते विचारावे.

मुळांखालच्या पाण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच आहे. कोकोपीटच्या पिशवीत पीक घेताना क्षार साचू नयेत म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी सोडावे लागते. दिलेल्या द्रावणातले वीस-तीस टक्के खालून निथळते. त्यात नत्र असते, पालाश असते, आणि मुळांना दिलेल्या बुरशीनाशकाचा अंशही असतो. काळ्या मातीच्या मुलुखात ते वरच्या थरात काही काळ तरी अडकते. सड्यावर तसे होत नाही. जांभा सच्छिद्र, त्यात भेगा आणि पोकळ्या. पाणी झरझर खाली जाते, खालच्या चिकट शेडीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येते. त्या झरीवर वाड्याची विहीर असते, कुळागराचे पाट असतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे विहीर बिघडली हे डोळ्यांनी कळत नाही. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. निथळणारे पाणी पन्हळीत गोळा करून, गाळून, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते. तेवढी यंत्रणा परवडत नसेल, तर ते नारळाला किंवा गवताला द्यावे, उघड्या जांभ्यावर सोडू नये. नेदरलँड्समध्ये 1 जानेवारी 2018 पासून हरितगृहातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यातली किमान 95 टक्के कीडनाशके काढून टाकणे सक्तीचे आहे. तिथे काचघरांची शेती कित्येक पिढ्यांची आहे. आधी कालवे बिघडले आणि मग कायदा आला. आपल्याकडे छपरे अजून मोजकी आहेत, तोवर नियम करणे स्वस्त पडेल. पॉलीहाऊस सुरू होण्याआधी उतारावरच्या विहिरींचे पाणी एकदा तपासावे, नंतर दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये. खर्च मालकाचा, आणि अहवाल पंचायतीच्या फलकावर मराठी-कोकणीत.

डिचोलीत ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. शिरगाव, मुळगाव, लामगाव, पिळगाव या गावांनी खाणीचा गाळ शेतात आलेला पाहिला, विहिरींचे पाणी उतरताना पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये खाणकाम थांबवले, 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले. तोवर कितीतरी मळे पडीक झाले होते. पॉलीहाऊसची खाणीशी बरोबरी होऊ शकत नाही, ती करणे अन्यायाचे ठरेल. पण ज्या माणसाने आपली विहीर आटताना पाहिली आहे, तो शेजारी कुंपण पडताच आधी पाण्याबद्दल विचारतो. त्या विचारण्याला विकासविरोध म्हणू नये.

आता प्लास्टिक. छपराची फिल्म 200 मायक्रॉनची असते. छप्पर आणि बाजू धरून चार हजार चौरस मीटरच्या पॉलीहाऊसला ती सुमारे एक टन लागते, आणि तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. शेडनेट, ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा कागद वेगळा. प्लास्टिक कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली ती पॅकिंगच्या प्लास्टिकची, छपराची फिल्म त्यात येत नाही. पंचायतीच्या कचरा शेडमध्ये एक टन मळकट, शेवाळलेली फिल्म ठेवायला जागा नसते. मग ती जाळली जाते किंवा सड्याच्या कडेला ढकलली जाते. वारा तर कोणालाच विचारत नाही. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. तसल्या वाऱ्यात सुटलेली फिल्म शेजाऱ्याच्या मळ्यात आणि पुढे व्हाळात जाणार. स्पेनमधल्या अल्मेरियात तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन प्लास्टिकखाली आहे, आणि तिथल्या कोरड्या ओढ्यांतले प्लास्टिक समुद्रापर्यंत पोचले आहे. गोव्यात कचरा व्यवस्थापन महामंडळ आहे, पुनर्वापर न होणारा कचरा कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना पाठवण्याची व्यवस्था आहे. वर्षातून एकदा, पावसाआधी, शेतीच्या प्लास्टिकसाठी एक फेरी लावणे महामंडळाला जड नाही. नवी फिल्म विकणाऱ्याने जुनी परत घ्यावी, ही अट अनुदानाच्या यादीतल्या पुरवठादारांवर घालता येईल.

छपराखाली माणसेही असतात. एप्रिलमध्ये आतली हवा बाहेरपेक्षा काही अंशांनी जास्त तापलेली, दमट, कोंडलेली असते. तिथे फवारणी झाली की औषध उघड्या रानासारखे उडून जात नाही. यवतमाळमध्ये 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, आणि ते उघड्या कपाशीत काम करत होते. बंद छपराखाली तर फवारणीनंतर किती तास आत जायचे नाही याची पाटी दारावर हवी, ती कन्नड आणि हिंदीतही हवी, कारण काम करणारे बरेचदा परप्रांतातून आलेले असतात. दुपारी बारा ते चार आत काम नको. तोडणी, प्रतवारी, पॅकिंगच्या कामात गावातल्या बायकांना आधी विचारावे. ही कृपा नव्हे, गावाने आपली वाट आणि पाणी दिलेले असते.

वाटेचेही बोलायलाच हवे. सडा नकाशावर रिकामा दिसतो. प्रत्यक्षात त्यावरून गुरे चरायला जातात, पावसाळी भाजीचे वाफे होतात, राखणदार दैवताच्या जागेकडे जाणारी पायवाट असते. कुंपण घालताना हे सगळे नोंदले पाहिजे. मोपा विमानतळाच्या प्रकरणात 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना निलंबित केला. अर्जाच्या नमुन्यात परिसरातल्या जंगलाची आणि झाडांची माहिती धड दिलीच नव्हती, हे त्याचे एक मोठे कारण होते. जानेवारी 2020 मध्ये जादा अटींसह काम पुढे गेले. मूल्यांकनाचा कागद कितीही जाड असो, तो भरणारा सड्यावर फिरला नसेल तर उपयोग नाही, हे पेडण्याने तेव्हा पाहिले. पॉलीहाऊससाठी जाड कागद नकोच. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. तिच्या दोघांनी आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्याने मालकासोबत एक फेरी मारावी, पाण्याची उतरण, झर, विहिरी, वाटा एका पानावर काढाव्यात आणि ते पान ग्रामसभेत वाचावे. समिती कागदावरच असेल, तर या निमित्ताने ती जागी होईल.

पीक कोणते, हा प्रश्नही त्याच फेरीत विचारावा. मावळातल्या थंड रात्रींमुळे तळेगावचा गुलाब फुलतो. किनारपट्टीवर रात्रीही उकाडा असतो, पावसात दमट हवेने भुरी आणि कूज येते. ऑर्किड, अँथुरियम सावलीत आणि दमटपणात तग धरतात. घाटावरचा आराखडा तसाच्या तसा उचलून इथे आणला, तर काही वर्षांत खारी हवा पाइप गंजवते, कर्ज राहते आणि पॉलीहाऊस बंद पडते.

बंद पडलेल्या पॉलीहाऊसचा सांगाडा सर्वांत जास्त काळ टिकतो. फाटकी फिल्म लोंबत राहते, पायाचे काँक्रीट जमिनीत राहते, आणि ही जमीन आता शेतीची उरली नाही असे म्हणायला कोणालाही सोपे जाते. म्हणून अनुदानातली थोडी रक्कम ठेव म्हणून रोखून धरावी. सांगाडा उतरवून, काँक्रीट उपसून, त्या जागेवर पुन्हा पीक उभे राहिल्याचे कृषी अधिकाऱ्याने जागेवर येऊन पाहिले, की मगच ती परत द्यावी. जे पॉलीहाऊस दहा वर्षे नीट चालले, त्याची ठेव मालकाला व्याजासकट मिळावी.