पोटातलं ओठावर येऊ द्या

परवा आमच्या सांगलीच्या कॉलनीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. वीस-पंचवीस जणी जमलेल्या. आंब्याची डाळ, पन्हं झालं आणि गप्पा नेहमीप्रमाणे दुखण्यांवर घसरल्या. कुणाची शुगर, कुणाचं बीपी, कुणाचे गुडघे. मी मध्येच म्हणाले, "माझी गेल्या महिन्यात कोलोनोस्कोपी झाली."

"म्हणजे काय गं?"

"मागच्या वाटेनं दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात."

एकदम शांतता! एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी हळूच म्हणाली, "अगं, चारचौघींत काय हे!"

मैत्रिणींनो, या शांततेबद्दलच मला आज लिहायचंय. कारण या शांततेनं माझ्या ताईची दीड वर्षं खाल्ली.

माझं माहेर साताऱ्याचं. ताईला दिलंय कोरेगाव तालुक्यात. घरची शेती, माणसांचा राबता. तिला शौचाच्या वेळी रक्त जायचं. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. भावजींना नाही, सुनेला नाही, मलाही नाही. मनाशीच ठरवलं, मूळव्याध असेल. कुणीतरी सांगितलेलं चूर्ण घेतलं, तिखट बंद केलं. मध्ये थकवा आला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन सात! "बायामाणसांचं रक्त कमीच असतं" म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताईची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. मग हे रक्त जातंय कुठं, हा प्रश्न ना तिनं विचारला, ना आम्ही कुणी.

शेवटी पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा मिरजेला आणलं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. कर्करोग. ताई तेव्हा चोपन्न वर्षांची. ऑपरेशन, काही महिने पोटावर पिशवी, मग केमोथेरपी. आज ती घरात हिंडते-फिरते, पण गाठ जवळच्या ग्रंथींपर्यंत पोचली होती, त्यामुळे दर तपासणीआधी आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. वाईट याचं वाटतं, की 1894 मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभारलं तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं उपचाराला तिथं येतात. आणि मी शेजारच्या गावात राहूनही माझी बहीण उशिरा पोचली. अंतर रस्त्याचं नव्हतं, लाजेचं होतं.

खरंतर आपण मुळात लाजऱ्या नाही. तान्ह्या बाळाची शी हिरवी झाली की पिवळी, दिवसातून किती वेळा झाली, हे आपण डॉक्टरांना सविस्तर सांगतो. नातवाचा कोठा जड झाला तर अख्खं घर चर्चा करतं. फक्त स्वतःची वेळ आली की तोंडाला कुलूप.

या रोगाचं एक वैशिष्ट्य समजून घ्या. तो एका रात्रीत होत नाही. बहुतेक वेळा आधी आतड्याच्या आतल्या बाजूला मांसाचा एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळ्या पॉलिपचा कर्करोग होत नाही. पण ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे निसर्ग आपल्याला चांगली लांबलचक मुदत देतो. त्या मुदतीत दुर्बिणीतूनच पॉलिप काढून टाकला, तर तो पुढं कर्करोग होतच नाही.

ताईच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग असेल, तर चाळिशीत किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा तपासणी करायची." मी सत्तेचाळीस वर्षांची. म्हणजे आधीच उशीर झालेला. तरी मी काय केलं? लेकाची बारावी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पुतणीचं लग्न अशी कारणं काढत दोन वर्षं ढकलली. इतरांना शहाणपण शिकवणारी मी, स्वतःच्या वेळी तशीच लाजले आणि घाबरले.

शेवटी झाली तपासणी. आदल्या दिवशी हलकं खाणं, मग पोट साफ करायचं औषध आणि संडासच्या फेऱ्या, हाच काय तो त्रास. तपासणीच्या वेळी गुंगीचं औषध देतात. मला काही कळलंही नाही. एक छोटा पॉलिप निघाला, तो तिथल्या तिथं काढला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." मला मात्र ताई आठवून रडू आलं.

आपल्याकडच्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरं. पण म्हणूनच लक्ष आपल्यालाच ठेवायला हवं. अमेरिकेत तर तरुण रुग्ण वाढले म्हणून 2021 मध्ये तज्ज्ञांनी सरसकट तपासणीचं वय 50 वरून 45 वर आणलं. शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली सवय (कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ), उगाच घटणारं वजन, पाळी गेल्यावरही कमी होणारं हिमोग्लोबिन, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांकडे जा. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी शौचाची साधी चाचणीही असते.

आणि खाण्याचं म्हणाल, तर आपल्या आज्जीचंच ताट बरं होतं. शाळूची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मेथी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू आणि 400 ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते, ते यातूनच मिळतं. मटण बेतानं, सॉसेज-सलामी टाळलेलंच बरं. दारू-तंबाखू नकोच, आणि रोज चालणं हवं. मात्र "आम्ही शाकाहारी, आम्हाला नाही होत" असं समजू नका. धोका कमी होतो, संपत नाही. सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, पण हळदीच्या दुधानं गाठ विरघळत नाही.

साताऱ्याचा आमचा दादा बावन्न वर्षांचा. त्याची तपासणी अजून व्हायचीय. "मला काय धाड भरलीय?" म्हणतो. ताईनं आणि मी त्याला राखीपर्यंत मुदत दिलीय. यंदा ओवाळणीत साडी नको, पैसे नकोत. तपासणीचा रिपोर्ट ताटात ठेव, मगच राखी बांधू.

तुम्हीही मागून बघा. आणि त्याआधी, स्वतःची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.