चालवून घ्यायचं तरी किती?

लहानपणी चिखलीच्या वाड्यात आमची भातुकली रंगायची. मी आई, शेजारची पाहुणी, धाकटा भाऊ बळेबळेच बाबा. चुरमुऱ्यांचा भात, गूळ-दाण्यांची भाजी. पण ऐन जेवणाच्या वेळी एखादी "मले आईनं बोलावलं" म्हणून उठून गेली की सगळा संसारच मोडायचा. त्या वेळी जो जीव चुटपुटायचा ना, तो मला परवा अचानक आठवला. आणि आठवला कशावरून? तर कॉम्प्युटरच्या गेमवरून!

झालं असं, की माझी भाची इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आली होती. दुपारभर त्या पडद्यासमोर. मी मावशीच्या हक्कानं टोकलंच, "अगं, एवढी घोडी झालीस, अजून गेम काय खेळतेस?" ती मान न वळवता म्हणाली, "मावशी, ही तुझी भातुकलीच समज. फक्त बोळकी पडद्यावर आहेत."

मग तिनं मला समजावून सांगितलं. या प्रकाराला म्हणे रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण एक भूमिका घ्यायची. बाई व्हायचं की पुरुष, चेहरा कसा, स्वभाव कसा, पूर्वी आपण कोण होतो, हे आपणच ठरवायचं. पुढे कुणाशी काय बोलायचं, कुणाला मदत करायची, कुणाला नाही, हेही आपल्याच हातात. जसं ठरवू तशी गोष्ट वळते. मला गंमत वाटली. ज्या पोरींना घरात भाजी कुठली करायची हेही कुणी विचारत नाही, त्यांना इथं अख्खं आयुष्य ठरवायला मिळतं!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बोलता बोलता ती म्हणाली, "मागच्या महिन्यात एक गेम घेतला होता, सारखा अडकायचा. परत केला. पैसे आले." मी चाटच पडले. "परत? वापरलेली वस्तू?" ती म्हणाली, "त्यात काय? दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला आणि घेऊन चौदा दिवस झालेले नसले, तर त्या दुकानाचा नियमच आहे."

मैत्रिणींनो, त्या क्षणी माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. आमच्या मिक्सरखाली एक फडकं असतं. गेली अकरा वर्षं आहे. मिक्सर नवा आणला त्या दिवसापासून त्याचं चटणीचं भांडं खालून गळतं. दुकानदाराला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "ताई, तेवढं चालतं." मीही घरी येऊन म्हटलं, चालतं. फडकं ठेवलं. ओलं झालं की पिळायचं, वाळवायचं, पुन्हा ठेवायचं. अकरा वर्षं! आणि ही कालची पोर, पडद्यावरचा खेळ नीट चालत नाही म्हणून पैसे परत घेते.

मी तिला विचारलं, असं सगळेच करतात का? तेव्हा तिनं मला त्या जगातली फार गाजलेली एक हकीकत सांगितली. पोलंड देशात सीडी प्रोजेक्ट रेड नावाची कंपनी आहे. तिनं 'सायबरपंक २०७७' या रोल-प्लेइंग गेमची घोषणा २०१२ साली केली. भविष्यातलं एक अवाढव्य शहर, त्यात आपण हवी ती भूमिका घ्यायची. लोकांनी आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. २०२० च्या एप्रिलची तारीख सप्टेंबरवर गेली, सप्टेंबरची नोव्हेंबरवर, आणि शेवटी १० डिसेंबर २०२० ला गेम बाजारात आला. बाहेर पडण्याआधीच ऐंशी लाख लोकांनी तो मागवून ठेवला होता. आपल्याकडे तीन हजार रुपयांच्या घरात किंमत. तीन हजार! दोन महिन्यांचा किराणा म्हणा ना.

आणि आला तो कसा? गोष्ट चांगली, शहर देखणं, पात्रं जिवंत. पण ज्यांच्याकडे जुनी यंत्रं होती, त्यांच्याकडे तो चालेचना. मध्येच बंद पडायचा. माणसांचे चेहरे धूसर, कुणी भिंतीत अडकलेलं, कुणी हात पसरून नुसतंच उभं! थोडक्यात, वाढलेल्या ताटावरून पाहुणी उठून गेली. वाईट याचं वाटतं, की कंपनीनं परीक्षण लिहिणाऱ्यांना आधी फक्त भारी कॉम्प्युटरवरची आवृत्ती दाखवली होती. घरोघरच्या जुन्या यंत्रांवरची दाखवलीच नाही. म्हणजे पेटीतले वरचे चार आंबे चांगले, खालचे आपले नशिबाचे.

लोक गप्प बसले नाहीत. चारच दिवसांत कंपनीला माफी मागावी लागली, पैसे परत मागा असं स्वतःच सांगावं लागलं. आठवड्याभरात सोनी कंपनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून तो गेम काढूनच टाकला, तो पुन्हा ठेवला थेट जून २०२१ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या एका संस्थापकानं जाहीरपणे सांगितलं, की निर्णय आम्हा वरच्या लोकांचा होता, काम करणाऱ्या पोरांना दोष देऊ नका. हे एक बरं केलं. कारण त्या पोरांना शेवटी शेवटी आठवड्याचे सहा सहा दिवस जुंपलं होतं, आधी तसं करणार नाही असा शब्द देऊनसुद्धा.

पुढे त्यांनी दुरुस्ती सुरू केली. या दुरुस्तीला तिकडे 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे आपलं ठिगळच की! ठिगळावर ठिगळ लावत सप्टेंबर २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती आली, आणि मग कुठे लोक म्हणाले, हां, हाच तो गेम जो आम्हाला सांगितला होता. जवळजवळ तीन वर्षं गेली.

मी म्हटलं, "ठीक आहे गं. ती परदेशातली मोठी कंपनी. पैसेवाली. तिच्याशी भांडणं सोपं. आपल्या माणसांचं काय?" त्यावर ती क्षणभर थांबली आणि तिनं 'राजी' लावून दाखवला.

'राजी' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा कंपनीचा खेळ. हा काही रोल-प्लेइंग नव्हे, यात गोष्ट आधीच ठरलेली असते. लढायचं, उड्या मारायच्या, पुढे जायचं. पण भूमिका कुणाची आहे बघा. राजी ही कसरती करणारी साधी पोर. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ही पोर महाबलासुरापर्यंत जाऊन भिडते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत राहतात. मध्येच बाहुल्यांच्या सावल्यांसारखी चित्रं येतात. मी स्टूल ओढून तिथेच बसले, गॅसवर दूध आहे हेही विसरले. सिंदखेडराजा ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्या आपल्याला मुलीच्या हातातल्या शस्त्राचं नवल नाही. पण आपल्या पोरींच्या खेळात ती मुलगी दिसणं, याचं नवल नक्की आहे. आजवर बहुतेक खेळांत भाऊच बहिणीला सोडवायचा!

तर असा हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या यंत्रावर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर आणि बाकी यंत्रांवर. त्याआधी २०१७ साली या मंडळींनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरीही चिकाटीनं खेळ पूर्ण केला. जगातल्या एका मोठ्या सोहळ्यात पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं. पण परीक्षण लिहिणाऱ्यांनी चित्रांचं, संगीताचं तोंडभरून कौतुक करतानाच स्पष्ट सांगितलं, की लढाई अडखळते, तांत्रिक दोष आहेत आणि गोष्ट रंगात येते तोच संपते.

"मग इथं काय करायचं?" मी विचारलं. "चार माणसं, पैसे नाहीत, त्यात आपली मराठी मुलखातली. यांचंही वाभाडं काढायचं?"

खरं सांगते, माझं मन म्हणत होतं, नाही. आपल्याच लेकीनं पहिल्यांदा केलेली पोळी. नकाशा झाला तरी 'छान झाली' म्हणायचं. पण भाची म्हणाली, "मावशी, लोकांनी सांगितलं म्हणूनच २०२२ मध्ये त्यांनी सुधारून पुन्हा आणला. लढाई सुधारली, हिंदी आवाज घातले. तू आत्ता बघितलास तो हाच. सगळे 'असू दे, आपलीच आहे' म्हणाले असते, तर राजी तशीच लंगडत राहिली असती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण समजतो, तक्रार म्हणजे वैर. नाव ठेवणं. भांडखोरपणा. खरं तर ज्याला वस्तूची, माणसाची किंमत असते, तोच धड सांगतो. बाकीचे पाठ फिरवून निघून जातात. मोठ्या कंपनीनं दोष माहीत असून झाकला, तिचा राग यायलाच हवा. छोट्यांच्या हातून राहून गेलं, तिथं सूर मऊ ठेवावा. पण सांगणं दोन्हीकडे सारखंच. मायेपोटी गप्प बसणं ही माया नव्हे, तो आपला आळस असतो, नाहीतर भीती.

आणि आपल्या बायकांना या गप्प बसण्याचं बाळकडूच मिळालेलं असतं. साडीचा रंग गेला, चालवून घे. कुकरची शिटी नीट होत नाही, चालवून घे. सासरी कुणी टाकून बोललं, चालवून घे. वस्तूंचं चालवून घेता घेता आपण माणसांचं कधी चालवून घ्यायला लागतो, कळतही नाही. माणसं परत करता येत नाहीत, हे मान्य. पण 'हे मला चालत नाही' एवढं सांगता तर येतं? घरातली एक बाई ते सांगत नाही, म्हणून तिच्या मागच्या पोरीही सांगत नाहीत. मिक्सरखालचं फडकं असं आईकडून लेकीकडे जातं.

कुणी म्हणेल, मोठ्या शहरातल्यांना सांगायला सोपं, आम्ही कुठे दाद मागायची? तर ऐका. जुना ग्राहक कायदा १९८६ चा. नवा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ऑनलाइन खरेदीच नव्हे, तर डिजिटल वस्तूही धरल्या आहेत. म्हणजे तुमच्या मुलानं मोबाईलवर घेतलेला गेमसुद्धा. दुकान पुण्यात असो की परदेशात, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे मेहकर, लोणार, मलकापूरच्या बाईला मुंबईला जायची गरज नाही, बुलढाण्याला आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आधी नुसता सल्ला हवा असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवा. पण या सगळ्याला एक गोष्ट लागते, पावती. ती आपण घेत नाही, घेतली तर जपत नाही. खामगावला चांदी घेताना आपण किती कस बघून, तोलून घेतो! मग बाकीच्या वस्तूंच्या वेळी हा कस कुठे जातो?

एक विनंती आयांना. पोरगं गेमसाठी पैसे मागेल तेव्हा नुसतं 'नाही' म्हणू नका, आणि कटकट नको म्हणून 'हो'ही म्हणू नका. शेजारी बसा. विचारा, कुणी बनवलाय, आपल्या यंत्रावर चालतो का, नाही चालला तर पैसे परत मिळतात का? बाजारात आल्या आल्या उडी मारायची काही गरज नसते. थोडं थांबावं, लोक काय म्हणतात बघावं, मग घ्यावा. आपण मेथीची जुडीसुद्धा उलटून पाहिल्याशिवाय घेतो का?

माझ्या मिक्सरची मुदत तर केव्हाच उलटून गेली. अकरा वर्षांनी कुठला आयोग आणि कुठली तक्रार! पण गेल्या आठवड्यात नवा घ्यायला गेले, तेव्हा पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हटलं, "भांड्यात पाणी घालून चालवून दाखवा." तो हसला. "ताई, विश्वास नाही का आमच्यावर?"

मी म्हटलं, "आहे ना भाऊ, म्हणून तर तुमच्याकडे आले. पण आधी चालवून दाखवा, मग मी चालवून घेईन. आणि हो, पक्की पावती द्या!"