चित्र फुकट मिळाले पाहिजे

चित्रे जमवणे हा चांगला छंद आहे. पण चित्रासाठी पैसे घालून पुड्या घेणे चांगले नाही, असे माझे मत आहे. ते मी इथे मांडतो.

आमचे आबा लहानपणी काडेपेटीचे छाप जमवायचे. छाप म्हणजे काडेपेटीवरचे चित्र. तेव्हा पेटी पातळ लाकडाची असायची आणि तिच्यावर कागद डकवलेला असायचा. पाण्यात भिजवली की कागद अलगद सुटायचा. जहाज, चित्ता, घोडा असे कितीतरी छाप होते. ज्याच्याकडे दोन जहाजे, तो एक देऊन चित्ता घ्यायचा. रिंगणात छापांची चवड रचून लांबून खापरी मारायचा खेळपण होता. जेवढे छाप बाहेर उडतील तेवढे मारणाऱ्याचे.

मी विचारले, "आबा, एवढ्या पेट्या विकत घ्यायचा काय?" आबा म्हणाले, "इकत कशाला? चूल पेटवून पेटी रिकामी झाली की ती आमची. मिरजेच्या ठेसनावर लांबलांबच्या गाड्या यायच्या, तिथं नवे छाप घावायचे."

छापांचा इतिहास मोठा आहे. आधी काडेपेट्या स्वीडन, जपान अशा देशांतून यायच्या. आपल्या लोकांना आवडाव्यात म्हणून त्यांच्यावर देवांची चित्रे असत. राजा रविवर्मा यांची चित्रेसुद्धा काडेपेटीवर आली. १९२३ साली विमको कंपनी निघाली. तिचा कारखाना ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला होता. आता पुष्कळ काडेपेट्या तामिळनाडूत शिवकाशीकडे होतात. २०२१ च्या डिसेंबरात एक रुपयाची पेटी दोन रुपयांना झाली. पण छाप अजून फुकटच आहे!

अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे घालत. १९०९ साली होनस वॅगनर नावाच्या बेसबॉल खेळाडूचे चित्र छापले. त्याने ते बंद करायला लावले. आपल्या चित्रासाठी मुलांनी सिगारेटची पाकिटे घेऊ नयेत असे त्याला वाटले, असे सांगतात. म्हणून ती चित्रे फार थोडी राहिली. २०२२ साली त्यातले एक साडेबाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. मला किमतीपेक्षा तो नको म्हणाला हेच जास्त आवडले.

आता आपल्याकडे काय चालते ते बघा. काही पुड्यांत कार्ड निघते. आत कोणते आहे ते बाहेरून दिसत नाही. तेच कार्ड परत निघाले की मुले आणखी एक पुडी घेतात. कार्ड काढून खाऊ तसाच टाकलेला मी बघितला आहे. आपल्या पुष्कळ जणांची आई द्राक्षाच्या बागेत रोजाने जाते. तिचे पाच-दहा रुपये असे जातात. हे बरोबर नाही.

काही मुले म्हणतात, काडेपेटीवर क्रिकेटवाले कुठे असतात? मग आपणच कार्ड करूया की! जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. पुढे चित्र काढायचे, मागे माहिती लिहायची. विजय हजारे सांगलीत १९१५ साली जन्मले. १९५२ साली भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कप्तान तेच होते. स्मृती मानधना सांगलीतच वाढली. २०२५ साली विश्वचषक जिंकलेल्या संघात ती होती. ही कार्डे कोणत्या पुडीत मिळणार?

माझे म्हणणे एवढेच आहे. छाप जमवा, पण पेटी रिकामी झाल्यावर घरात विचारून घ्या. काड्यांना हात लावू नका. कार्डे करा आणि अदलाबदल करा. विकू नका. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वडाखाली अदलाबदल करायची का, ते गुरुजींना विचारूया.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी